वर्गणीदारांचं चित्र

युरोपला निघालेल्या कुटुंबात म्युझियमची हौस एकालाच असते, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. आमच्याकडे ही हौस माझी. नवऱ्याला ट्यूलिपच्या बागा पाहायच्या होत्या. पण त्या मेच्या मध्यावर बंद होतात आणि आमची विमानाची तिकिटं मेच्या अखेरची, कारण ती स्वस्त होती. सासऱ्यांना समुद्रसपाटीच्या खाली वसलेला देश पाहायचा होता. स्किपोल विमानतळच समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे, त्यामुळे त्यांचं ॲमस्टरडॅम बॅगा पट्ट्यावर यायच्या आत पाहून झालं. चिरंजीवांना ‘आय ॲमस्टरडॅम’ या पुरुषभर उंचीच्या अक्षरांसमोर फोटो हवा होता. मला पाहायच्या असलेल्या राइक्सम्युझियमच्या मागची ती अक्षरं पालिकेनं 2018 मध्येच उचलली, गर्दी फार होते म्हणून. धाकटीला बदकं हवी होती, ती कालव्यात मिळाली. सासूबाईंना काहीच नको होतं. ‘तुम्ही न्याल तिकडे येईन’ म्हणणारं माणूस प्रवासात सगळ्यात अवघड. कुठेही नेलं तरी जबाबदारी नेणाऱ्याची.

राइक्सम्युझियमचं तिकीट ऑनलाइन काढायचं आणि आत शिरायची वेळही आधीच सांगायची. अठराच्या आतल्यांना फुकट. हे ऐकल्याबरोबर सासऱ्यांनी पाकिटातलं ज्येष्ठ नागरिक कार्ड काढून माझ्या मोबाइलसमोर धरलं. साठीच्या पुढच्यांना तिथे काहीही सवलत नाही.

“म्हणजे ज्यांना यायचंच नाही त्यांना फुकट, आणि ज्यांना दर दहा मिनिटांनी बसायला लागतं त्यांना पूर्ण,” सासरे म्हणाले.

माणशी पंचवीसेक युरो. नवऱ्यानं त्याचे रुपये केले, चारनं गुणले आणि म्युझियमचा स्टॉप येईपर्यंत तो ट्रामच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला.

ही इमारत 1885 ची. पिएर कायपर्स या वास्तुकारानं ती बांधली. तो कॅथलिक, देश प्रोटेस्टंट. लोकांना इमारत चर्चसारखी वाटली. तिसरा विल्यम राजा तर म्हणे म्हणाला, की त्या मठात मी पाऊल टाकणार नाही. ही माहिती मी मोठ्या उत्साहानं वाचून दाखवली. चिरंजीव कानातलं न काढता म्हणाले, “राजाला चॉइस तरी होता.”

इमारतीच्या बरोबर मधून, कमानीखालून, एक रस्ता जातो, आणि आत शिरायची दारं त्याच बोगद्यात आहेत. त्यातून सायकली जातात. जातात म्हणजे सुटतात. सूटबूट घातलेला माणूस एका हातात कॉफी घेऊन, पुढच्या पेटाऱ्यात दोन पोरं बसवून, घंटा वाजवत आमच्या अंगावरून गेला. सासूबाईंनी धाकटीला मागे ओढलं आणि विचारलं, “अगं, म्युझियममधून सायकली कशा काय सोडतात?” त्याचं उत्तर म्हणजे म्युझियमच्या अलीकडच्या इतिहासातलं एक अख्खं प्रकरण आहे. 2003 मध्ये दुरुस्तीसाठी म्युझियम बंद केलं तेव्हा हा रस्ता प्रवेशद्वारासाठी घ्यायचा बेत होता. सायकलवाले उभे राहिले. वाद, बैठका, नवे नकाशे. शेवटी रस्ता सायकलींकडेच राहिला आणि म्युझियमचं दार बाजूला सरकलं. हे एकच कारण नव्हतं, पण जे काम 2008 पर्यंत उरकायचं होतं ते 2013 मध्ये संपलं. खर्च 37 कोटी 50 लाख युरो. डोंबिवलीत उभं आयुष्य काढलेल्या सासऱ्यांना काम पाच वर्षं लांबल्याचं ऐकून या देशाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

दारात पिशवीवरून अडलं. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आत न्यायच्या नाहीत, खाणं तर नाहीच. सगळं खाली क्लोकरूममध्ये ठेवायचं. ठेवायला पैसे पडत नाहीत, हे ऐकून नवऱ्याचा चेहरा जरा उजळला. पण पिशवीत दशम्या होत्या. सासूबाईंनी त्या पहाटे उठून, भाड्याच्या घरातल्या इंडक्शनच्या शेगडीशी भांडून केल्या होत्या, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी. त्या पिशवी सोडेनात.

“मी काय चित्रांना भरवणार आहे?”

नवऱ्यानं मध्यस्थी म्हणून फोनवरून माहिती वाचली. 1975 मध्ये एक माणूस जेवून उठला आणि त्या रेस्टॉरंटमधली पाव कापायची सुरी घेऊन म्युझियममध्ये आला. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्रावर त्यानं सपासप वार केले. तेव्हापासून हे लोक जपून असतात.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मग सुरी अडवा. पावाला कशाला अडवता?”

या युक्तिवादाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. दशम्यांना बिल्ला मिळाला आणि आम्ही आत गेलो.

आत चार मजले. 80 दालनं, मांडलेल्या वस्तू सुमारे 8,000. सासऱ्यांचं म्हणणं, पुस्तक पहिल्या पानापासून वाचतात. पण हे पुस्तक बांधणाऱ्यानं पानं फिरवलेली आहेत. तळमजल्यावर मध्ययुग, तिथून सतरावं शतक गाठायला एकदम दुसऱ्या मजल्यावर जायचं, अठरावं आणि एकोणिसावं शतक पाहायला उलट खाली पहिल्यावर यायचं, विसाव्यासाठी पुन्हा तिसऱ्यावर चढायचं. सासरे तळमजल्यावरच्या पहिल्या खोलीत शिरले आणि प्रत्येक वस्तूखालचा मजकूर वाचू लागले. आधी मजकूर, मग वस्तूकडे एक नजर, ती हजर असल्याची खात्री, मग पुढचा मजकूर. हा हिशेब तपासण्याचा प्रकार झाला. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्या वेगानं 80 दालनं करायला शेंगेन व्हिसा पुरला नसता. तेवढ्यात चिरंजीव शौचालय शोधून आले आणि ते फुकट असल्याची बातमी त्यांनी आणली. ॲमस्टरडॅममध्ये या कामाला अनेक ठिकाणी नाणं मोजावं लागतं. नवऱ्यानं सगळ्यांना रांगेनं तिकडे पिटाळलं, पाणी प्यायला लावलं, आणि तिकिटाची वसुली सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्या गोंधळात मी सासऱ्यांना लिफ्टमध्ये घालून दुसऱ्या मजल्यावर नेलं.

तिथे मधोमध लांबलचक दालन आहे, दोन्ही बाजूंना चित्रांचे कोनाडे, आणि टोकाला ‘नाइट वॉच’. एका कोनाड्यापुढे गर्दी होती. मध्ये जेमतेम हात-सव्वा हाताचं चित्र: व्हर्मियरची ‘दूधवाली’. साधारण 1660 चं. खिडकीशी उभी असलेली, बाह्या वर केलेली दणकट बाई मातीच्या भांड्यात दूध ओतते आहे. टेबलावर पावाची टोपली, पावाचे तुकडे. तिच्या कमरेचं निळं वस्त्र लाजवर्दी दगड कुटून केलेल्या रंगाचं आहे. तो दगड तेव्हा अफगाणिस्तानातून यायचा आणि भलताच महाग पडायचा. मोलकरणीच्या अंगावर मालकिणीला न परवडणारा रंग. मी हे सांगत होते, पण सासूबाईंचं लक्ष दुधाच्या धारेवर होतं.

“धार बघ किती बारीक धरलीय. शिळा पाव भिजवतेय ती. भसकन ओतलं की लगदा होतो.”

माझ्या कानातल्या ऑडिओ गाइडमध्ये तेव्हा प्रकाशाविषयी चाललं होतं. मी तो काढला. ही बाई शिळ्या पावाचा दूध घालून काही गोड पदार्थ करत असावी, हे अभ्यासकांनीही सुचवलं आहे. त्यांनी त्यावर लेख लिहिले; सासूबाईंनी चष्मासुद्धा नीट केला नव्हता.

मग त्या जरा मागे सरकल्या. “एक पटत नाही मात्र. स्वयंपाकघर आहे ना? मग मागची भिंत अशी मोकळी कशी? फडताळ नाही, भांडं नाही. नुसता एक खिळा. एवढी कामाची बाई, आणि हाताशी काही नाही?”

मी थांबले. कारण 2022 मध्ये म्युझियमच्या तज्ज्ञांनी हे चित्र आधुनिक यंत्रांनी आतून तपासलं, तेव्हा त्या मोकळ्या भिंतीच्या रंगाखाली काय सापडलं, तर भांडी टांगायची फळी. व्हर्मियरनं ती आधी काढली होती आणि मग स्वतःच्या हातानं पुसून टाकली. खाली कोपऱ्यात विस्तवाची टोपलीही होती, तीही बुजवली. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. “होतीच म्हण की,” त्या म्हणाल्या. “काढली कशाला?” चित्रात शांतता यावी म्हणून, असं मी सांगून पाहिलं. “पुरुष माणूस. ओट्यावरचा पसारा दिसला की उचलून ठेवतो, आणि मग आपण शोधत बसायचं,” असं म्हणून त्या पुढे गेल्या. व्हर्मियरच्या रचनेवर मी बरंच वाचलं आहे. या मुद्द्याचं खंडन मला कुठे आढळलेलं नाही.

पुढे रेम्ब्रांटची ‘ज्यू वधू’ आहे. म्युझियम उघडलं त्याच वर्षी, 1885 मध्ये, व्हॅन गॉग इथे आला होता आणि या चित्रासमोरून हलेना. कोरड्या पावाच्या तुकड्यावर पंधरा दिवस इथे बसायला मिळालं तर आयुष्याची दहा वर्षं देईन, असं तो सोबतच्या मित्राला म्हणाला, अशी त्या मित्राची आठवण आहे. ही गोष्ट माझी आवडती. पण दशम्या खाली ठेवून आलेल्या कुटुंबाला ती सांगायला नको होती. “त्याचा पाव बरा चालला,” एवढंच सासूबाई म्हणाल्या.

आणि मग ‘नाइट वॉच’. साडेचार मीटर रुंद, 1642 चं. कॅप्टन फ्रान्स बॅनिंग कॉक आणि त्याची नागरी सेनेची तुकडी निघायच्या तयारीत. हे चित्र रात्रीचं नाही; वार्निश काळवंडत गेलं आणि पुढच्या लोकांनी त्याला रात्रीचं नाव दिलं. 2019 पासून भोवती काचेची मोठी खोली उभारून त्याची तपासणी आणि निगा सुरू आहे, आणि जुनं वार्निश काढण्याचं काम 2024 च्या अखेरीपासून लोकांदेखत चालू आहे. एवढ्या माणसांनी काचेला नाक लावलेलं असताना नाजूक काम करायचं, या कल्पनेनं नवरा हळहळला. तो घरून काम करतो आणि कोणी मागून स्क्रीन बघितलेला त्याला खपत नाही.

सासरे मात्र प्रथमच मजकूर न वाचता चित्राकडे बघत राहिले. मी कौतुकानं जवळ गेले.

“याचे पैसे कोणी दिले?” त्यांनी विचारलं.

तुकडीतल्या लोकांनीच. सोळा जणांनी, सरासरी माणशी शंभर गिल्डर. कुणी जास्त, कुणी कमी, चित्रात कुठे उभं राहायला मिळणार यावर. सासरे आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे कैक वर्षं खजिनदार होते. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि रेम्ब्रांट त्यांच्या ताब्यात गेला.

कारण हा आहेच मंडळाचा फ्लेक्स. मध्यभागी अध्यक्ष, हात पुढे, चेहऱ्यावर भरपूर उजेड. शेजारी पिवळ्याधमक कपड्यांत कार्याध्यक्ष. मागे कार्यकर्ते. वर एका ढालीवर नावं, तीही अठरा. ही ढाल चित्र पुरं झाल्यावर कोणीतरी मागाहून रंगवून घेतली, म्हणजे नावं राहिल्याची तक्रार तिथेही झाली असणार, असं सासऱ्यांचं ठाम मत पडलं. “आणि हा बघ, याच्या तोंडावर दुसऱ्याचा हात आलाय. याचे पैसे घेतले असतील की नाही? पूर्ण घेतले असतील! आणि ही मधली पोरगी कोण? कमरेला कोंबडी लावून?”

तिनं काही दिलेलं नाही. कोंबडीचे पाय हे त्या तुकडीचं चिन्ह, म्हणून ती तिथे. उजवीकडचा ढोलवाला भाड्यानं आणलेला, त्याचीही वर्गणी नाही. खाली कुत्रा.

“म्हणजे कुत्रा दिसतो, ढोलवाला दिसतो, आणि वर्गणीदार अर्धा,” सासरे म्हणाले. “आमच्याकडे याच्यावरून सर्वसाधारण सभा बंद पडली असती.”

त्यांना मी पुढची गोष्ट सांगितली, आणि सांगताना मला मजा आली हे खरं. 1715 मध्ये हे चित्र नगरभवनात हलवलं. तिथे दोन दारांमधल्या भिंतीवर ते मावेना. म्हणून चित्र चारही बाजूंनी कापलं. सगळ्यात मोठी पट्टी डाव्या बाजूची गेली, आणि त्या पट्टीबरोबर दोन सैनिकही. कापलेले तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत. 2021 मध्ये एका जुन्या नकलेवरून संगणकाच्या मदतीनं तो भाग पुन्हा तयार करून काही महिने मूळ चित्राला जोडून दाखवला होता.

सासरे स्तब्ध. “पैसे भरून कापले,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “पावती असणार त्यांच्याकडे.”

आजूबाजूला जगभरचे लोक छायाप्रकाशाबद्दल कुजबुजत होते. मी मात्र अनेक वर्षं पुस्तकांत पाहिलेल्या त्या चित्रात त्या दिवशी पहिल्यांदा एकेकाचं तोंड पाहिलं: कोण झाकलं गेलंय, कोण पुढे घुसलंय, कोण टाचा उंचावतोय. रेम्ब्रांटनं सगळ्यांना ओळीत सारखं उभं करायचं नाकारलं म्हणून हे चित्र मोठं, असं जाणकार म्हणतात. खजिनदाराला तो निधीचा असमान विनियोग वाटला. दोघेही एकाच जागेवर बोट ठेवत होते.

यानंतर सासऱ्यांना कंठ फुटला. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. तिथे डचांची सतराव्या शतकातली वखार आहे, आता पडक्या भिंती तेवढ्या उरल्यात. “इथे आमचं वेंगुर्लं असायलाच हवं,” म्हणून ते डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वस्तूंच्या दालनात घुसले. जहाजांच्या प्रतिकृती, तोफा, चिनी मातीची भांडी. आणि भिंतीवर एका वखारीचं भलंमोठं चित्र, 1665 चं. नदी, गलबतं, तटबंदीच्या आत टापटीप बागा. सासऱ्यांनी धावत जाऊन नाव वाचलं. हुगळी.

“बंगाल,” ते खिन्नपणे म्हणाले. “तिथेही तेच पुढे.”

त्यांचं समाधान दुसऱ्याच गोष्टीनं झालं. 1667 मध्ये डचांनी थेट मेडवे नदीत शिरून इंग्रजांचं ‘रॉयल चार्ल्स’ हे जहाज ओढून आणलं. त्याच्या मागल्या बाजूचं सिंह आणि एकशृंगी घोड्याचं कोरीवकाम इथे आहे. इंग्रजांचं कोणीतरी काहीतरी उचलून आणलं, आणि ते परत न देता भिंतीवर लावलं, यावर त्यांनी चिरंजीवांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं. चिरंजीवांनी ऐकलं. त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती.

धाकटीसाठी पेट्रोनेला ओर्टमनचं बाहुलीघर पाहिलं. सतराव्या शतकाच्या शेवटी एका रेशीम व्यापाऱ्याच्या बायकोनं ते स्वतःसाठी करवून घेतलं. कालव्याकाठचं खरं घर आलं असतं इतका पैसा तिनं त्यावर घातला. हात लावायचा नाही, खेळायचं नाही, हे कळल्यावर धाकटीनं त्यातला रस काढून घेतला.

शेवटी आशियाई कलेच्या दालनात चोळकाळातला नटराज भेटला. बाराव्या शतकातला, दीड मीटर उंच, काचेबाहेर. सासूबाईंनी चपला काढल्या आणि हात जोडले. कोपऱ्यातल्या रखवालदाराला वाटलं पाय दुखतायत, त्यानं अदबीनं बाकाकडे बोट दाखवलं. मूर्ती भरीव की पोकळ हे पाहण्यासाठी ती ट्रकसकट रॉटरडॅम बंदरातल्या कस्टम्सच्या एक्स-रे यंत्रातून नेली होती. आतून पूर्ण भरीव निघाली. प्रवासात एका ठिकाणी सासूबाईंचा गोड्या मसाल्याचा डबा उघडून तपासला होता, तो सल अजून ताजा होता. नटराजाचं हे ऐकल्यावर त्यांचा राग निवळला. “त्यालासुद्धा सोडलं नाही? मग माझं काय एवढं,” म्हणून त्यांनी पुन्हा एकदा नमस्कार केला.

बाहेर येताना दुकान लागतंच. दूधवाली तिथे चुंबकावर, ॲप्रनवर, ताटपुसण्यावर, खेळण्यातल्या प्लास्टिकच्या बाहुलीच्या रूपात. नवऱ्यानं किमतींचे रुपये केले आणि आम्ही मागच्या हिरवळीवर बसून दशम्या खाल्ल्या. सासऱ्यांनी कागदाच्या रुमालावर शंभर गुणिले सोळा असा हिशेब मांडला. सोळाशे गिल्डर. ढोलवाल्याला त्यातलं किती गेलं, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा होती.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. पोटभर खाऊन जा, लिफ्टनं थेट दुसऱ्या मजल्यावर जा, चार-पाच चित्रं बघा आणि उरलेली दालनं सुखानं सोडून द्या. घरातलं कोणी ऑडिओ गाइड नको म्हणालं तर आग्रह करू नका. त्याच्याशेजारी उभं राहा. म्युझियम सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, वर्षाचे 365 दिवस उघडं असतं, त्यामुळे ‘आज सोमवार, बंद असेल’ ही सबब घरी कोणाला सुचली तरी ती चालत नाही.